दोघांमध्ये थोरला

मी घोड्यांचं वीर्य तपासते. हे वाक्य मला आता न अडखळता म्हणता येतं, पण आमच्या घरात अजून कुणाला जमलेलं नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, 'सून लॅबमध्ये असते', आणि घाईघाईने चहाचं विचारतात. पागेतले लोक मला दुर्बीणबाई म्हणतात, कारण माझं डोकं सदानकदा सूक्ष्मदर्शकात खुपसलेलं असतं. म्हणोत बापडे. मला जे सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, मामा आणि मामींबद्दल आहे, आणि सांगता सांगता माझा पारा चढला तर समजून घ्या. त्या दोघांवर माझा फार जीव होता, आणि तितकाच रागही होता.

मामा म्हणजे आमच्या पैदाशीच्या मुख्य घोड्याचे मोतद्दार. त्याचा खरारा, दाणापाणी, फिरवणं, सगळं त्यांच्याकडे. मामी त्यांची बायको. त्याच घोड्याची संध्याकाळची आंबोण, म्हणजे कोंडा आणि जवस शिजवून केलेलं मऊ खाणं, मामी रांधायच्या. तसे ते दोघं पागेत कुणाचेच मामा-मामी नव्हते, पण एकाने म्हटलं म्हणून सगळे म्हणायला लागले आणि शेवटी मालकीणबाईसुद्धा तसंच म्हणू लागल्या.

घोड्याला सगळे थोरला म्हणत. कागदावर त्याचं नाव चांगलं हातभर लांब होतं, पण ते घ्यायला वेळ कुणाला होता? रंगाने करडा, छातीने रुंद, आणि स्वभावाने अगदीच घरगुती. पैदाशीचा घोडा इतरांपासून लांब ठेवतात, म्हणून त्याचं ठाण पागेच्या अगदी टोकाला होतं. ठाणाला लागून दोन खोल्या होत्या आणि त्यांत त्याच्या मोतद्दाराने राहायचं, असा तिथला नियम. घोडा आहे तोवर खोल्या. घोडा गेला की खोल्या दुसऱ्याच्या. मामींच्या ओट्यासमोरची खिडकी बाहेर उघडायच्या ऐवजी थेट ठाणात उघडायची. थोरला तिच्यातून मान आत घालून उभा राहायचा, भाजीची देठं मागायचा, पातेल्याची वाफ नाकात गेली की फुरफुरायचा. मामी त्याला ओल्या हाताने बाजूला सारायच्या. तो दोन पावलं मागे जाऊन परत यायचा.

मामा उंच, सावकाश, जरा वाकलेले. पागेतल्या प्रत्येक घोड्याची आई कोण, आजी कोण, कुणाला कुठल्या पायाला हात लावलेला खपत नाही, हे त्यांना तोंडपाठ. घरातलं मात्र काही लक्षात राहायचं नाही. दूध आणायला निघालेला माणूस वाटेत एखादी घोडी लंगडताना दिसली की तिकडे वळायचा आणि दूध राहायचं ते राहायचंच. मामी बुटक्या, कामाला वाघ, आणि बोलायला एकदम फटकळ. फक्त नवऱ्याशी त्या बोलत नसत. एक शब्दसुद्धा नाही. कित्येक वर्षं.

ते असं झालं होतं. मामींची म्हातारी आई शेवटी शेवटी त्यांच्याकडेच राहायला होती. हृदयाची गोळी तिला दुपारी द्यावी लागायची. एका हंगामात मामींना दुपारचं पागेतलं काम लागलं, तेव्हा गोळीचं त्यांनी मामांवर सोपवलं. नेमक्या त्याच दिवसांत एक घोडी अडली होती. शिंगरू आडवं आलेलं. मामा तिच्यापाशी बसले ते बसलेच. लागोपाठ दोन दुपारी गोळी राहिली, आणि म्हातारी गेली. डॉक्टर म्हणाले, तिचं दिवसांवरच आलं होतं, गोळीने फार फरक पडला नसता. मामी त्यावर काही बोलल्या नाहीत. नवऱ्याला विचारलं नाही, रडून जाब मागितला नाही, आदळआपट केली नाही. सगळं आटोपल्यावर घरी आल्या, पाणी तापवलं, खिडकीतून आत आलेल्या घोड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थोरल्या, सांग यांना, पाणी तापलंय."

तेव्हापासून दोघांचं बोलणं घोड्यामार्फत चालायचं.

बघणाऱ्याला हसू यायचं. मलाही यायचं, खोटं कशाला बोलू. मामी ओट्यापाशी उभ्या, मामा पलीकडे खरारा करत असलेले, आणि मध्ये थोरल्याची मान. मामी म्हणायच्या, थोरल्या, यांना म्हणावं सदऱ्याचं बटण तुटलंय, काढून ठेवा. मामा म्हणायचे, थोरल्या, म्हणावं ठेवलाय खुंटीवर. थोरला दोन्हीकडे कान फिरवायचा. गडी लोक म्हणत, या घोड्याला पैदाशीचं काम सोडून वकिली दिली पाहिजे. मी एकदा मामींना म्हटलं, त्या मुक्या जनावराला कशाला मध्ये घालता, सरळ बोला की. मामी म्हणाल्या, बोलते की सरळच, त्याच्याशी.

पण म्हणून ते मोडकं घर नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. मामींनी मामांना शिळं कधी वाढलं नाही. मामांनी मामींना कधी पाण्याची बादली उचलू दिली नाही. थोरल्याला जरा सर्दी झाली की दोघं दोन्ही बाजूंनी त्याला चोळत बसायचे, आणि तेव्हा त्यांचे हात जवळजवळ एकमेकांना लागायचे. मला वाटायचं, आज ना उद्या कोंडी फुटेल. आपल्याला सगळ्यांना असंच वाटत असतं.

आता माझ्या कामाचं थोडं सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच अडकली आहे. हंगामात थोरल्याला सकाळी लाकडी घोडीकडे नेत. लाकडी घोडी म्हणजे कातडं चढवलेला ओंडका. तिला ना डोकं ना शेपूट, पण थोरल्याने कधी तक्रार केली नाही. गड्यांचे त्यावरचे विनोद मी इथे लिहीत नाही. तिथून कोमट नमुना माझ्याकडे यायचा. मी थेंब काचेवर घ्यायची आणि बघायची, शुक्राणू किती आहेत, जिवंत किती, सरळ किती पोहतात. चांगला निघाला तर तो थंड पेटीत भरून लांबलांबच्या माद्यांसाठी रवाना व्हायचा. थोरल्याचा थेंब बघणं म्हणजे एके काळी सुख होतं. सगळे घाईत, सगळे एका दिशेने.

मग एका हंगामात ते मंदावले. सुरुवातीला मला वाटलं, माझीच काच थंड पडली असेल. काच बदलली, औषधाचं द्रावण बदललं, पुन्हा बघितलं. निम्म्याहून जास्त एका जागी थरथरत होते, काही नुसतेच गोल गोल फिरत होते. थंड पेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी बघितलं तर हालचाल जवळपास बंद. बाहेरच्या लोकांचे फोन येऊ लागले की घोडी गाभण राहत नाही. घोड्यांच्या डॉक्टरांनी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आणि उत्तर आलं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. वय झालेलं, उन्हाळा कडक गेलेला, आणि आम्ही हावरटासारखं त्याच्याकडून जास्त काम घेतलेलं.

मालकीणबाई वाईट नव्हत्या, पण पागा त्यांना चालवायची होती. त्यांनी सांगितलं की पुढच्या हंगामापर्यंत थांबू. तोवर सुधारला तर ठीक, नाहीतर थोरल्याला खच्ची करून विकायचं आणि नवा घोडा आणायचा. मामांनी मान हलवली आणि खरारा उचलून आत गेले. मामी त्या दिवशी माझ्याकडे आल्या. प्रयोगशाळेच्या दारात त्या कधी यायच्या नाहीत, मला त्या वासाने मळमळतं म्हणायच्या. त्या दिवशी आत येऊन स्टुलावर बसल्या.

मी विचारलं, थोरला गेला तर तुम्ही काय करणार. त्या म्हणाल्या, घोडा गेला की खोल्या गेल्या. हे जातील गड्यांच्या बराकीत, तिथे बायकांना जागा नाही. मी बहिणीकडे जाईन. मी म्हटलं, अहो पण तुम्ही दोघं वेगळे राहणार का?

"दोघं कुठे आहोत आम्ही?" मामी म्हणाल्या. "आम्ही तिघं आहोत."

मग त्यांनी विचारलं, त्याला नक्की झालंय काय, मला कळेल असं सांग. मी सांगितलं. शरीरात श्वास चालू आहे तोवर आत चूल पेटलेली असते, आणि चूल म्हटली की ठिणग्या उडणारच. त्या विझवायची सोयही अंगातच असते. पण वय झालं, ऊन लागलं, काम जास्त झालं की ती सोय अपुरी पडते. शुक्राणूच्या अंगावर तेलाचा पातळ पापुद्रा असतो, तो त्या ठिणग्यांनी खराब होतो, मग शेपूट चालत नाही. मामी म्हणाल्या, म्हणजे तेल खवट होतं तसं. मी म्हटलं, अगदी तसंच. त्यांनी विचारलं, यावर औषध काय? मी सांगितलं की विश्रांती, सावली, आणि एक पावडर आहे, जीवनसत्त्व आणि सेलेनियमची, रोज सपाट एक चमचा.

"औषध दिलंय कुणाकडे?"

मी म्हटलं, मामांकडे.

मामी उठल्या आणि तडक निघून गेल्या.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. मामी बाजारात गेल्या आणि पशुखाद्याच्या दुकानातून तोच डबा घेऊन आल्या. तो डबा त्यांनी ओट्याखाली पिठाच्या मागे ठेवला. रोज संध्याकाळी आंबोण निवली की तिच्यात सपाट एक चमचा घालायच्या. तिकडे मामा रोज सकाळी दाण्यात सपाट एक चमचा घालत होते, आणि तेही न चुकता. डॉक्टरांनी मामांना बजावलं होतं की ही पावडर घोड्याला सोसेल तितकी, अगदी काठावरची दिली आहे, हात सैल सोडू नका, सेलेनियम जादा झालं की तेच विष होतं. मामांनी ते मनावर इतकं घेतलं की चमचा भरल्यावर वरून सुरीच्या पात्याने सारखा करायचे. मामीही डब्यावरचं वाचून वरून बोट फिरवायच्या. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. निष्काळजीपणाचा ठपका कुणावर ठेवायचा म्हटलं तर तेही जमत नाही, आणि म्हणूनच मला अजून चडफडायला होतं.

खिडकी तीच होती, घोडा मध्ये होताच, बोलणं चालूच होतं. बटणाचं बोलले, पाण्याचं बोलले, छपराच्या गळतीचं बोलले. औषधाचं मात्र दोघंही बोलले नाहीत. मामी विचारणार नव्हत्या, कारण त्या घरात औषध हा शब्द निघाला की म्हातारी समोर उभी राहायची. मामा आपण होऊन सांगणार नव्हते, कारण तेच. थोरल्यामार्फत सगळं चालत होतं, फक्त ती एक गोष्ट त्याच्यामार्फतही जात नव्हती.

दोन महिने होऊन गेले. घोड्याच्या अंगात नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढे दिवस लागतातच. मी नमुना घेतला, काचेवर थेंब ठेवला, आणि मला खुर्चीवरून उठावं लागलं. सगळे पूर्वीसारखे नव्हते, पण पुष्कळ होते, सरळ पोहत होते, आणि थंड पेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी बघितलं तरी पोहत होते. मी ठाणाकडे धावत गेले. मामांना सांगितलं तर त्यांनी थोरल्याच्या मानेवर कपाळ टेकवलं. मामींना खिडकीतून सांगितलं तर त्या म्हणाल्या, मला माहीत होतं. दोघांच्याही तोंडावर तेच समाधान होतं. माझ्या चमच्याने झालं, असं ते समाधान.

त्यानंतरचा नमुना जरा उतरला. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा परिणाम असेल. त्याच्या पुढचा आणखी उतरला. खराऱ्यात थोरल्याच्या आयाळीचे केस येऊ लागले, आधी थोडे, मग पुंजके. मामांना वाटलं, ऋतू बदलतोय, घोडा केस टाकतोय. मामींना वाटलं, म्हातारपण आलं. शेपटीही विरळ झाली. आणि मग एक दिवस थोरल्याने खिडकीत मान घातली नाही. पुढचे पाय दुमडून तो कोपऱ्यात बसला होता. मामांनी पाय उचलून बघितला तर खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपून खूर सुरू होतो, तिथे चीर गेलेली.

डॉक्टरांनी रक्त काढून नेलं. ते परत आले तेव्हा मालकीणबाई बरोबर होत्या आणि मीही होते. डॉक्टरांनी ठाणाच्या दारातच मामांना विचारलं की पावडर किती घालता. मामा म्हणाले, सपाट एक चमचा. डॉक्टर म्हणाले, खरं सांगा, जास्त घातली तर लवकर गुण येईल असं वाटलं असेल, माणसाला वाटतं तसं, रक्तात सेलेनियम भरमसाट आहे. ज्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर हे औषध आहे, तोच स्ट्रेस ते जादा झालं की वाढवतं. मामा पुन्हा म्हणाले, सपाट एक चमचा, एकदाही दोन घातले नाहीत. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खोटं ठरवलं जात होतं.

मामी आत ओट्यापाशी होत्या. खिडकी उघडीच होती. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं नाही आणि थोरल्याकडेही बघितलं नाही. त्यांनी मामांकडे बघितलं.

"मी पण घालत होते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळच्या आंबोणीत. पहिल्यापासून."

मामा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामींशी थेट बोलले.

"का?"

"तुम्ही विसराल म्हणून."

"एकदाही विसरलो नाही."

"मला कुठे माहीत होतं?"

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

कुणाचाच आवाज चढला नव्हता. दोन माणसं बाजारातून काय आणायचं ते बोलत असावीत, इतकं ते साधं बोलणं होतं. मालकीणबाई मान फिरवून अंगणाकडे बघत उभ्या राहिल्या. डॉक्टर बुटाने गवताची काडी सरकवत होते. मला त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांच्यासमोर बसून रडावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

पुढे पावडर बंद झाली, खाणं बदललं, खुरांना पट्ट्या बांधल्या, पायाखाली वाळू टाकली. सगळं करून बघितलं. पण खूर आतून सुटत चालले होते आणि थोरल्याला उभं राहता येत नव्हतं. घोडा किती दिवस बसून काढणार? शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता त्याला ठेवणं म्हणजे छळ आहे. मामांनी मान हलवली. मामींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मामांनी मानेवर हात ठेवला, आणि डॉक्टरांनी सुई दिली. मला वाटलं होतं, मामी त्याच्या कानात काहीतरी बोलतील, इतकी वर्षं त्याच्या कानातच बोलल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मामांनी बराच वेळ हात काढला नाही, कुणी काढायला सांगितलंही नाही.

मालकीणबाईंनी मामांना काढून टाकलं नाही. माद्यांच्या बाजूला, शिंगरांवर काम दिलं. पण खोल्या नव्या घोड्याच्या माणसाला द्यायच्या होत्या. नियम तो नियम.

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी मी मदतीला गेले. दारापाशी पोचले आणि आतून बोलण्याचा आवाज आला, म्हणून जरा थबकले. वाटलं, कुणी आलंय. तर ते दोघंच बोलत होते. मोठं पातेलं तू ने. नको, तुम्हाला अंघोळीच्या पाण्याला लागेल. बराकीत बंब आहे. बंब असला तरी स्वतःचं असावं. ही चादर कुणाची? तुमची, तुमच्या आत्याने दिलेली. मग तिला ठिगळ कुणी लावलं? मी, दुसरं कोण लावणार? हा आरसा? आरसा तुम्हीच ठेवा, दाढी नीट करत जा. मी आत गेले तरी ते थांबले नाहीत. इतकी वर्षं मुकी राहिलेली ती दोघं संसार वाटून घेताना भरभरून बोलत होती, आणि मी दोरी धरून वळकटी बांधत होते आणि मला ऐकवत नव्हतं.

मामींची पेटी भरून झाली. मामा तिच्यावर बसले, झाकण लागावं म्हणून. बसल्या बसल्याच म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी तू मला काही म्हणाली नाहीस."

मामी कडी लावत होत्या. त्या थांबल्या.

"मी रोज वाट बघायचो," मामा म्हणाले. "वाटायचं, आज भांडशील. आता तरी भांड माझ्याशी."

"आता कोणत्या तोंडाने भांडू?" मामी म्हणाल्या.

त्यांनी कडी लावली. मामा पेटीवरून उठले, आणि ती उचलून स्टँडपर्यंत घेऊन गेले. मी मागून पिशव्या घेऊन गेले. बस यायला अवकाश होता. मामींनी त्यांना सांगितलं की उन्हात उभे राहू नका, सावलीत या. मामा सावलीत आले. मामांनी विचारलं, पाण्याची बाटली घेतली का? मामी म्हणाल्या, घेतली. बस आली. मामांनी पेटी वर चढवून दिली, कंडक्टरला सांगितलं की जपून ठेवा, आत काच आहे. मामी खिडकीशी बसल्या. मी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. थांब म्हणायला किती वेळ लागतो? तुम्हीही चला म्हणायला तरी किती लागतो? बस निघाली आणि मामा ती वळेपर्यंत तिथे उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी बराकीत जाऊन मामांना फैलावर घेतलं. म्हटलं, थांब असं एकदा तरी म्हटलंत का मामींना? मामा शिंगराच्या तोंडावर बांधायची मोहरकी शिवत होते. म्हणाले, तिला जायचं होतं, मी कशाला आडवा येऊ. मी म्हटलं, तिला जायचं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी दोरा तोडला आणि सुईत नवा ओवायला घेतला.

मग मी मामींच्या बहिणीकडे फोन लावला. मामी आल्या. आवाज खोल गेला होता. मी विचारलं की तुम्ही त्यांना या म्हणालात का. त्या म्हणाल्या, त्यांना यायचं असतं तर चढले असते बसमध्ये. माझा पारा चढला. मी म्हटलं, मामी, तिकडे तेही अगदी हेच बोलतायत. काय लावलंय तुम्ही दोघांनी? तुम्हाला काय म्हणायचंय ते मला सांगा, मी आत्ता जाते आणि त्यांना सांगून येते.

"नको," मामी म्हणाल्या. "आता मध्ये कुणी नको. मध्ये होता तो गेला."

मी फोन ठेवला. मामांना मी काहीच निरोप दिला नाही. फक्त बहिणीच्या घरचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि शिंगरांना पाणी दाखवायला गेले. त्याला बरेच दिवस झाले. फोन त्यांनी अजून केलेला नाही.